टायरवाल्याने गनने आवळलेले चाकाचे बोल्ट जाम झाले तर ते घरच्या घरी कसे खोलायचे

मे महिन्यात आम्ही इंदूरहून नाशिकला निघालो होतो, आई, बायको, मुलगी आणि मी, आणि मानपूरचा घाट उतरून धामनोदच्या अलीकडे मागचं डावं चाक बसलं. स्टेपनी चांगली होती, जॅक होता, पाना होता, दहा मिनिटांचं काम आहे म्हणून झाडाखाली गाडी घेतली आणि पहिल्या बोल्टला पाना लावला. हलेना. पान्यावर उभा राहिलो, माझं वजन ७२ किलो, तरी हलेना. दुसरा नाही, तिसरा नाही. तीन महिन्यांपूर्वी इंदूरातच एका दुकानात चारही टायर नवे टाकले होते आणि तिथल्या मुलाने एअर गन लावून एकेक बोल्ट घर्रर्र करत बसवला होता, बोल्ट बसल्यावरसुद्धा तीन-चार सेकंद गन टकटक वाजतच होती, आणि वर "पक्का काम है भिया" म्हणाला होता.

थोडं पुढे ट्रकचं पंक्चरचं दुकान होतं, तिथला माणूस आला, मदत मनापासून केली त्याने, पण त्याचा क्रॉस पाना आतून झिजलेला होता, त्यावर पाईप घालून जोर लावला तसा पाना सटकला आणि बोल्टचे सहाच्या सहा कोपरे घासून डोकं गोल झालं. शेवटी त्याने चाक न काढता तिथल्या तिथेच खिळा ओढून पट्टी मारली, हवा भरली, आणि आई म्हणाली आता पुढे नको, घरी चल. परत फिरलो. पुढचे दोन दिवस टिळकनगरच्या घरासमोर बसून चारही चाकांचे वीस बोल्ट खोलले, शेजारचे काका, जे पीथमपूरला बरीच वर्षं फिटर होते, ते खुर्ची टाकून बाजूला बसले होते आणि मी जोर लावायला गेलो की म्हणायचे, "अरे थांब, आधी गोटी बसली का नीट ते बघ." (गोटी म्हणजे बोल्टच्या डोक्यावर चढवायचा सॉकेट.) हे सगळं त्या दोन दिवसांत शिकलेलं आहे, क्रमाने सांगतो, कारण यात क्रमच महत्त्वाचा आहे, ताकदीचा नंबर फार नंतर लागतो.

रस्त्यावर अडकला असाल तर आधी हे

ट्यूबलेस टायर असेल आणि खिळा रस्त्याला टेकणाऱ्या भागात असेल तर चाक काढायची गरजच नाही. गाडी थोडी पुढे-मागे करून खिळा हाताला येईल असा आणायचा, पकडीने ओढायचा, भोक कानशीसारख्या खरखरीत टोच्याने साफ करायचं, रबरी पट्टी घुसवायची, वरचं शेपूट कापायचं आणि हवा भरायची. पट्टीचं किट आणि १२ व्होल्टवर चालणारा छोटा पंप गाडीत असला की जाम बोल्टचं संकट उद्यावर ढकलता येतं, आणि मला विचाराल तर प्रत्येक गाडीत हे दोन असलेच पाहिजेत. बाजूची भिंत फाटली असेल तर मात्र पट्टी चालत नाही, तिथे चाक काढावंच लागतं.

राष्ट्रीय महामार्गावर असाल तर महामार्ग हेल्पलाइनला, १०३३ वर, फोन लावा, तो चोवीस तास चालतो. आणि एक गोष्ट हात जोडून सांगतो, रस्त्यावर झिजलेल्या पान्याने कोणालाही जोर लावू देऊ नका. नुसता जाम असलेला बोल्ट घरी अर्ध्या तासात निघतो. गोल केलेला बोल्ट अर्धा दिवस खातो.

नेमकं झालंय काय ते ओळखा

जाम म्हणजे एकच प्रकार नाही, तीन वेगळे असतात आणि तिन्हीचा उपाय वेगळा.

पहिला म्हणजे नुसता जास्त आवळलेला. याचं गणित सोपं आहे. माझी फोक्सवॅगनची पोलो आहे, तिच्या चाकाचा बोल्ट १२० न्यूटन मीटरला (हे पिळायच्या जोराचं माप) आवळायचा असतो, बाकी बहुतेक छोट्या गाड्यांचा आकडा ८५ ते १२० च्या मधे कुठेतरी येतो, आपापल्या गाडीच्या मॅन्युअलमध्ये दिलेला असतो तो बघा. आता गाडीसोबत येणारा पाना साधारण २५ सेंटीमीटर लांब असतो, त्याच्या टोकाला ४५-५० किलो जोर दिला की ११०-१२० न्यूटन मीटर होतात. म्हणजे व्यवस्थित आवळलेला बोल्ट हाताने जोरात दाबून किंवा फार तर पायाने सुटला पाहिजे. ७० किलोचा माणूस पान्याच्या टोकावर उभा राहिला तर १७० च्या पुढे जातं, आणि तरी बोल्ट ढिम्म हलत नसेल तर तो प्रमाणाबाहेर आवळलाय किंवा धरलाय हे नक्की समजा. दुकानातली अर्धा इंची एअर गन ४००-५०० न्यूटन मीटर सहज देते, ट्रकसाठीची मोठी गन तर त्याहून कितीतरी जास्त, आणि मुलगा ट्रिगरवरून बोट काढेपर्यंत ती देतच राहते.

दुसरा प्रकार गंजाचा. पाऊस, धुलाई, काळ्या मातीचा चिखल, वर्षानुवर्षं चाक न उघडणं. बोल्टच्या डोक्याभोवती लाल-तपकिरी भुकटी दिसते, नट असेल तर तो ज्या दांडीवर चढतो त्या स्टडच्या टोकावर दिसते.

तिसरा सगळ्यात वाईट, वाकडा घातलेला बोल्ट. म्हणजे हाताने चार आटे न चढवता थेट गनला अडकवून घुसवला आणि आटे एकमेकांवर चढले. याची खूण अशी की बोल्ट सुरुवातीला सुटतो पण मग हलका होत नाही, प्रत्येक फेरीला तेवढाच जड राहतो, आणि बाहेर येताना आट्यांमध्ये लोखंडाचा चकचकीत कीस दिसतो. माझ्या वीसपैकी दोन असे निघाले.

आणखी एक बघून घ्या, तुमच्या गाडीला नट आहेत की बोल्ट. मारुती, ह्युंदाईसारख्या गाड्यांना हबमधून, म्हणजे चाक ज्यावर बसतं त्या मधल्या भागातून, बाहेर आलेले स्टड असतात आणि त्यावर नट बसतो. फोक्सवॅगन, स्कोडाला बोल्ट असतो, तो थेट हबच्या आट्यांत जातो. फरक खर्चात कळतो, स्टडचे आटे गेले तर स्टड ठोकून काढून नवा बसवता येतो, बोल्टवाल्या गाडीत हबचेच आटे जातात. त्यामुळे बोल्टवाल्यांनी दुप्पट सबुरी ठेवायची.

सामान

सियागंजात एका चकरेत सगळं मिळालं. पहिलं, बरोबर मापाची सहा कोनी गोटी, अर्धा इंची चौकाची, म्हणजे मागे दांडा बसायचं चौकोनी भोक अर्ध्या इंचाचं. पोलोला १७ नंबर, मारुतीला बहुतेक १९, ह्युंदाईला २१. दुकानदार बारा कोनी दाखवेल, ती घेऊ नका. बारा कोनी गोटी बोल्टला फक्त कोपऱ्याच्या टोकाशी धरते, सहा कोनी अख्ख्या सपाट बाजूवर बसते, जाम बोल्टला हा फरक म्हणजे निघणं आणि गोल होणं यातला फरक आहे. अलॉय व्हील असेल तर बोल्ट खोल खळग्यात असतो, तिथे जाड भिंतीची गोटी शिरत नाही, म्हणून पातळ भिंतीची, खोल गोटी मागायची, चाकावर लावून बघायची सोय नसेल तर खळग्याचं माप घेऊन जा.

दुसरं, ब्रेकर बार, म्हणजे लांब सरळ दांडा, ६० सेंटीमीटरचा पुरे. ६० सेंटीमीटरवर ४० किलो जोर म्हणजे २३५ न्यूटन मीटर, साध्या माणसाला आरामात जमतं. रॅचेटला, म्हणजे आत दात असलेल्या, एकाच दिशेने पकडणाऱ्या दांड्याला, पाईप घालून जोर लावू नका, आतले दात तुटतात आणि हात चाकावर आपटतो. नाशिकच्या टापरियाचं सामान मी वर्षानुवर्षं वापरतोय, पण कोणत्याही चांगल्या कंपनीचं चालेल, फक्त ठेल्यावरची चकचकीत स्वस्त गोटी या कामाला नको, ती आतून फाकते. (ती एका वेगळ्या कामाला लागते, पुढे येईल.)

मग गंजावरचा स्प्रे, तारेचा ब्रश, एक किलोचा हातोडा, गाडीच्या मागे-पुढे लावायला दोन विटा किंवा लाकडाचे ठोकळे, चष्मा, हातमोजे. आणि टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या जोराला कट् वाजणारा पाना. हा काढायला नाही, परत बसवायला लागतो, आणि काढण्यासाठी कधीही वापरायचा नाही, त्याचं माप बिघडतं.

आता प्रत्यक्ष काम

गाडी सपाट जागेवर, हँडब्रेक ओढलेला, पहिल्या गिअरमध्ये, समोरच्या बाजूच्या चाकांना ठोकळे. चाकं जमिनीवरच. जॅक आत्ता लावायचाच नाही, जॅकवरच्या गाडीला असा जोर दिला तर गाडी जॅकवरून घसरते, आणि चाक फिरतं ते वेगळंच.

बोल्टवर प्लास्टिकच्या टोप्या असतील तर त्या गाडीच्या किटमधल्या हुकाने ओढून काढा. मग तारेच्या ब्रशने डोकं साफ करा, कडांमधला चिखल, रंग, ब्रेकची काळी धूळ सगळं. हे काम पाच मिनिटांचं आहे आणि सगळे हेच टाळतात. काकांनी माझ्याकडून एक बोल्ट साफ करवून घेतला आणि गोटी परत बसवायला लावली, आधी ती डोक्यावर अर्धी जात होती, साफ केल्यावर हातोड्याच्या मुठीने हलकंसं ठोकलं तशी ठप्पकन तळापर्यंत गेली आणि हातात जराही हलेना. "हं, आता लाव जोर," म्हणाले.

गंज दिसत असेल तर स्प्रे मारा आणि खरोखर थांबा. दोन मिनिटं नाही, रात्रभर. संध्याकाळी एकदा, झोपताना एकदा, सकाळी एकदा. नटवाल्या गाडीत स्टडचं उघडं टोक दिसत असेल तर तिथे मारा, तेल आट्यांतून आत उतरतं. बोल्टवाल्या गाडीत डोक्यावरून मारलेलं तेल आट्यांपर्यंत कमीच पोहोचतं, बोल्टचं टोक हबच्या मागच्या बाजूला असतं, तिथे नळी पोहोचत असेल तर मारायचं पण फार जपून, ब्रेकच्या डिस्कवर किंवा पॅडवर एक थेंब नको. उडालाच तर ब्रेक क्लीनरने डिस्क धुवायची, नुसतं फडक्याने पुसून चालणार नाही. स्प्रे नसेल तर ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि अ‍ॅसिटोन अर्धं-अर्धं मिसळून लावतात, तेही काम करतं, फक्त अ‍ॅसिटोन रंग खातं आणि लगेच पेटतं, तेव्हा रंगावर सांडू नका आणि जवळ बिडी-काडी नको. आणि माझ्यासारखं प्रकरण नुसतं जास्त आवळल्याचं असेल तर स्प्रेवर फार भरवसा ठेवू नका, तिथे गंजच नाही तर तेल काय सोडवणार.

आता दांडा. चाकाकडे तोंड करून बसलात की बोल्ट घड्याळाच्या उलट दिशेने सुटतो, चारही चाकांना तेच. (जुनी विलीज जीप असेल तर तिच्या डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात, तिथे उलटं.) दांडा डाव्या हाताला आडवा येईल असा लावायचा, घड्याळात नऊ वाजतात तसा, म्हणजे खाली दाबलं की बोल्ट सुटतो आणि तुमचं वजन कामी येतं. एक हात गोटीच्या मागे ठेवून ती चाकाला सरळ दाबून धरा, दुसऱ्या हाताने दांड्याच्या टोकाला. एक्स्टेन्शन, म्हणजे गोटी आणि दांडा यांच्या मधला जोडतुकडा, लावावं लागत असेल तर त्याच्या खाली विटांची चवड किंवा लाकडाचा ठोकळा टेकू म्हणून द्या, कारण दांडा दाबला की एक्स्टेन्शन खाली झुकतं, गोटी तिरपी होते आणि कोपरे जातात. धामनोदला तेच झालं होतं.

झटके देऊ नका. हळूहळू वाढवत न्यायचं आणि कान देऊन ऐकायचं. चांगला बोल्ट सुटताना कर्रर्र किंवा फट्ट असा आवाज येतो, दचकायला होतं पण तो आवाज चांगला. वाईट खूण म्हणजे आवाज नाही आणि दांडा स्प्रिंगसारखा मऊ सरकतोय, म्हणजे एकतर गोटी कोपऱ्यावरून चढतेय किंवा बोल्ट पिळतोय. असं जाणवलं की तिथेच थांबा. गोटी काढा, डोकं बघा.

दाबून सुटत नसेल तर एक युक्ती आहे, सुटायच्या उलट, म्हणजे आवळायच्या दिशेला किंचित जोर द्या, अगदी केसभर हलला तरी पुरे, मग परत सोडायच्या दिशेला. दोन-चारदा असं मागे-पुढे केलं की गंजाची पकड मोडते. तेही नाही तर गोटी बसवलेली असताना तिच्या डोक्यावर हातोड्याचे सरळ, बेताचे दहा-बारा ठोके मारा आणि परत दांडा लावा. बेताचे म्हणतोय, घणाने ठोकलं तर आतलं बेअरिंग खराब होतं.

एवढ्यावर माझे वीसपैकी सोळा निघाले. दोन बोल्टना दांड्यावर मीटरभर जीआय पाईप चढवावा लागला. पाईपने सांभाळून, कारण मीटरभर लांबीवर ४० किलो म्हणजे जवळपास ४०० न्यूटन मीटर, तिथे चूक झाली तर डोकं तुटून हातात येतं. पाईप लावल्यावर तुमचं तोंड आणि गुडघे दांड्याच्या रेषेत नकोत आणि मुलांना अंगणात येऊ देऊ नका.

डोकं गोल झालं असेल तर

धामनोदचा तो बोल्ट. गोल झालेल्या डोक्यावर त्याच मापाची गोटी पुन्हापुन्हा लावत बसू नका, उरलेलेही कोपरे जातात. एक माप लहान, सहा कोनी गोटी घ्यायची, १७ साठी १६, १९ साठी १८, इथे ती ठेल्यावरची स्वस्त गोटी चालते कारण ती वायाच जाणार आहे, आणि हातोड्याने डोक्यावर ठोकून चढवायची. ठोकताना सरळ जातेय का बघत राहा. आवाज बदलतो, आधी ठण् ठण् येतो, गोटी तळाला टेकली की ठप् ठप् येतो. मग दांडा, टेकू, आणि हळू जोर. माझा पहिल्याच प्रयत्नात सुटला. गोटी बोल्टवर अडकून बसते, ती मागच्या चौकोनी भोकातून पंच घालून ठोकली की बोल्ट निघतो.

एक माप फारच लहान आणि पुढचं सैल असं मधलं झालं असेल तर इंचाच्या मापाची गोटी बघा, १७ आणि १८ च्या मधे ११/१६ इंच येते, म्हणजे १७.४६ मिलीमीटर, १५ आणि १६ च्या मधे ५/८, म्हणजे १५.९. गोल बोल्टसाठी खास उलट्या पिळाच्या एक्स्ट्रॅक्टर गोट्याही मिळतात, जेवढा सोडायचा जोर द्याल तेवढी ती डोक्यात जास्त रुतते, वारंवार काम पडत असेल तर सेट घेऊन ठेवा.

काही गाड्यांच्या नटांवर क्रोमचं पातळ पत्र्याचं टोपण चढवलेलं असतं. गन मारून मारून ते फुगतं, १९ ची गोटी जात नाही आणि २१ ची फिरते. तिथे छोट्या छन्नीने टोपण सोलून काढायचं, आतला खरा नट लहान मापाचा निघतो. परत लावताना एकसंध लोखंडी नट घ्या.

चोरीपासून बचाव करणारा एक वेगळा बोल्ट काही अलॉयना असतो, त्याची किल्ली म्हणजे तो छोटा अडॅप्टर. यावर गन कधीच मारू द्यायची नाही, आतली नक्षी तुटते. अडॅप्टर हरवला असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारा, त्यांच्याकडे मास्टर सेट असतो, अडॅप्टरवर किंवा सोबतच्या कार्डावर कोड असतो तो लिहून ठेवलेला असला तर काम लवकर होतं. आणि टायरचं काम करून घेतल्यावर दुकान सोडायच्या आधी अडॅप्टर परत घेतला का हे हात लावून बघा, तो त्यांच्या गनच्या तोंडातच राहून जातो.

जे करू नका

गॅसच्या टॉर्चने बोल्ट तापवणे. गॅरेजमध्ये करतात म्हणून सांगतो, हवा भरलेल्या टायरच्या चाकावर आग लावू नका. तापलेल्या रिममुळे टायर आतून जळायला लागतो, वायू तयार होतो आणि चाक बॉम्बसारखं फुटू शकतं, माणसं मेलीयत याने. शिवाय अलॉयची ताकद जाते, बेअरिंगचं ग्रीस वितळतं, ब्रेकचे रबर सील जळतात. बोल्टच्या डोक्यावर नट वेल्डिंग करायचा सल्लाही मिळेल, टायर चढवलेल्या चाकावर मी तो करू देणार नाही.

डोकं तुटलंच तर घाबरू नका. बाकीचे बोल्ट काढून चाक बाहेर घेतलं की उरलेल्या दांडीवरचा ताण गेलेला असतो, पुष्कळदा ती व्हाइस ग्रिपने धरून फिरवली की निघते. नाही निघाली तर ड्रिलचं काम आहे, ते मात्र लेथवाल्याकडे किंवा चांगल्या वर्कशॉपमध्ये, भोक जरा बाजूला गेलं तर हब बदलायची वेळ येते.

बोल्ट निघाले, चाक निघेना

असंही होतं, अलॉय आणि लोखंडी हब एकमेकांना धरतात. हातोडा अलॉयवर नको. दोन बोल्ट तीन-चार फेऱ्या अडकवून ठेवा म्हणजे चाक अंगावर येणार नाही, गाडी जॅकवर आणि खाली स्टँड, मग टायरच्या भिंतीवर तळपायाने लाथ, एकदा उजवीकडे, चाक अर्धं फिरवून एकदा डावीकडे. नाहीतर मागून टायरवर रबरी हातोडी किंवा लाकूड मधे धरून ठोका. गाडीखाली शिरायचं नाही, काढलेली स्टेपनी गाडीच्या पोटाखाली सरकवून ठेवा.

परत बसवणं, आणि खरं काम इथेच आहे

प्रत्येक बोल्ट तारेच्या ब्रशने साफ करून हाताने, नुसत्या बोटांनी, हबमध्ये फिरवून बघा. चाक न लावता. पाच-सहा फेऱ्या बोटांनी गेला पाहिजे. अडला तर आटे तपासा, थोडेसेच खराब असतील तर बरोबर मापाचा टॅप, म्हणजे आटे पाडायचं हत्यार, फिरवून साफ होतात, पोलोला १४ बाय १.५ चा, मारुतीसारख्या नटवाल्या गाड्यांना १२ चा स्टड असतो आणि आट्यांचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, गाडीप्रमाणे वेगळा. माझे ते दोन वाकडे गेलेले बोल्ट फेकले, हबचे आटे टॅपने वाचले. वाचले नसते तर आत स्टीलचं इन्सर्ट बसवणं किंवा नवीन हब, हे दोनच मार्ग होते. जे बोल्ट फार आवळले गेले ते ताणले गेलेले असू शकतात, मी सगळे वीस नवे घेतले, त्यात कंजूषी करायला मन झालं नाही, आईला घेऊन त्याच गाडीतून जायचं आहे.

नवे घेताना बोल्टची बसायची जागा जुन्यासारखीच हवी. पोलोच्या बोल्टची बैठक गोलसर, चेंडूसारखी असते, बऱ्याच इतर गाड्यांची निमुळती शंकूसारखी. दोन्ही वरवर सारखे दिसतात आणि आट्यांतही जातात, पण चुकीचा लावला तर तो रिमला फक्त एका रेघेवर टेकतो आणि चालता चालता सैल होतो. लांबीही तीच हवी.

आट्यांना तेल-ग्रीस लावायचं का? नाही. मॅन्युअलमधला आकडा कोरड्या आट्यांचा असतो. आवळताना लावलेल्या जोरातला मोठा भाग घर्षणातच जातो, चाक दाबून धरायला जेमतेम दहावा हिस्सा पोहोचतो. तेल लावून घर्षण कमी केलं की तोच आकडा ठेवूनही बोल्ट खूप जास्त ताणला जातो. स्प्रे मारलेला असेल तर ब्रेक क्लीनरने धुऊन कोरडा करा. ग्रीस लावायचंच तर हबच्या मधल्या उंचवट्यावर, जिथे चाकाचं मधलं भोक बसतं तिथे, तांब्याच्या पेस्टचा अगदी पातळ हात फिरवा, म्हणजे पुढच्या वेळी चाक धरणार नाही.

चाक लावा, सगळे बोल्ट हाताने, मग पान्याने हलके, एकाआड एक. पाच असतील तर चांदणी काढतो तसे, चार असतील तर समोरासमोर. गाडी खाली टेकवा आणि आता टॉर्क रेंच, दोन टप्प्यांत, माझ्या गाडीला आधी ७०, मग १२०. कट् असा आवाज आला की बास, परत परत कट् कट् करायचं नाही, प्रत्येक वेळी थोडा जास्त जातो. नुसत्या अंदाजाने जास्त किंवा असमान आवळलं तर डिस्क वाकडी ओढली जाते, ब्रेक दाबल्यावर स्टिअरिंग थरथरतं आणि लोक अलाइनमेंट करत बसतात. कमी आवळलं तर काय होतं ते सांगायला नको.

दुकानात काय बोलायचं

मी आता आधीच सांगतो, गाडी वर चढवण्यापूर्वी. बोल्ट हाताने सुरू करायचे, गन फक्त हलकी टेकेपर्यंत, शेवटचं आवळणं माझ्या रेंचने मी करणार. बहुतेक ठिकाणी काही वाटत नाही, उलट एका मुलाने रेंच हातात घेऊन आकडा कसा लावतात ते विचारून घेतलं. कोणी कुरकुर केली तर दुसरं दुकान. बिल घ्या, त्यावर कामाची तारीख आणि किलोमीटर लिहून घ्या. आटे गेले किंवा बोल्ट तुटला तर फोटो काढा, आधी दुकानदाराशी नीट बोला, नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ आहे, बिल असेल तर तक्रारीला वजन येतं. माझ्याकडे बिल नव्हतं, म्हणून वीस बोल्टचे पैसे माझेच गेले.

आणि घरी आल्यावर त्याच दिवशी, गाडीतल्या पान्याने, प्रत्येक चाकाचा एकेक बोल्ट सोडून परत आवळून बघा, सुटत नसेल तर तेव्हाच दुकानात परत जा. पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीला एकदा मी हे करतो. घरात जो कोणी गाडी चालवतो त्याच्याकडूनही करवून घ्या, माझ्या बायकोने ६० सेंटीमीटरच्या दांड्याने पाचही बोल्ट स्वतः सोडले, तो दांडा आता डिकीत स्टेपनीशेजारीच असतो.

चाक बसवल्यावर ५० ते १०० किलोमीटर झाले की टॉर्क रेंच परत फिरवायचा असतो, नवे बोल्ट थोडे बसतात. जूनच्या पहिल्या आठवड्यात आम्ही पुन्हा नाशिकला निघालो तेव्हा धामनोदलाच चहाला थांबलो, चाकं गार होऊ दिली आणि मग मी रेंच काढला. एकोणीस बोल्ट जागच्या जागी कट् झाले. मागच्या डाव्या चाकाचा एक, बोटाच्या पेराएवढा फिरला आणि मग कट् झाला.